समुद्रात बसलेली पंगत

अंदमानाहून आले की आमच्या गल्लीतली जी भेटल ती इचारती, "मंगल, कोणता समुद्र चांगला गं?" जसं काय म्या तिथं काळा चष्मा लावून, पाय पसरून नारळाचं पाणी पीत पडले होते. अवं, म्या समुद्र बघितला तो तव्याच्या वरून. खाली भाकर, वर समुद्र, अन् भाकर करपू नाही म्हणून नजर खालीच. तशी बी वर बघायची माझी हिंमत न्हाई. मला पाण्याचं भ्याव हाय. लई भ्याव हाय. आमच्या चाकूरकडं पाणी म्हणजे हिरीचं. लगीन होऊन आले अन् पहिल्यांदा हिरीत वाकून बघितलं तर आत्या, म्हणजे माझी सासू, मागून म्हणली, "सांभाळून गं, दोर महाग झालाय." इतकी माया.

तर हे भ्याव घेऊन म्या समुद्राकाठी नोकरी करते. देवाला बी कधी कधी दुसरं काम नसतंय.

बालाजीभाऊ म्हणून लातूरचे हायत, ते सहली काढतात. हैदराबादपर्यंत बस, तिथून इमान, पोर्ट ब्लेअरपासून बोट. गिऱ्हाईक सगळं आपलंच, लातूर-नांदेडचं, रिटायर झालेलं. आता आपल्या माणसाचं असं हाय, त्याला स्वर्गात नेऊन बसवलं तरी तिसऱ्या जेवणाला तो इचारणार, "भाकर हाय का?" म्हणून भाऊ दोन माणसं संगं नेतात. भाजी-वरणाला कंधारचे हबीबचाचा, ज्यांचा उभा जन्म लग्नातल्या देगी उतरवण्यात गेला, अन् भाकरीला म्या. त्याच्या आधी म्या लातूरला क्लासच्या पोरांच्या मेसवर भाकरी थापायचे. नववी नापास हाय, पण भाकर काय मार्कशीट बघून फुगत न्हाई.

पहिल्याच दिवशी भाऊनं सांगितलं, "मंगल, लेकरू आणायलीस तर आण, पण ते पाण्यात दिसलं न्हाई पायजे. अन् गिऱ्हाईकाची तक्रार नको. एक तक्रार आली की पुढल्या टूरला दुसरी बाई. लातूरात भाकर थापणाऱ्या बायांचा काय दुष्काळ न्हाई."

लेकरू म्हणजे माझी आरोही, तीन वर्षांची. तिला ठेवू कुठं? आमचे हे हार्वेस्टरवर, गव्हाच्या मागं मागं पार पंजाबापर्यंत जातात, घरी येतात ते पाहुण्यासारखे. आत्या म्हणतात, "तू चाकूरला येऊन राहा, लेकराला बी सांभाळते अन् तुला बी." हे दुसरं सांभाळणं कसं असतंय ते म्या दोन वर्षं बघितलंय. हे काम गेलं की लातूरची खोली गेली, अन् म्या परत आत्याच्या हाताखाली. म्हणून म्या तक्रारीला पाण्याइतकीच भिते. कधी कधी जास्तच.

बाहेरच्याला वाटतंय, भाकर काय, थापली की झाली. घरी झाली. समुद्राकाठी करून दावा. ज्वारीचं पीठ ताजं असलं तर त्याला चिकटपणा असतो. पीठ जुनं झालं, ओल खाल्ली, की त्याची विरी जाती. मग ते पीठ थापायला गेलं की काठाला चिरा पडतात, उचलायला गेलं की हातात दोन तुकडे. अन् समुद्राच्या हवेत पिठाची विरी जायला महिना लागत न्हाई, दोन दिवस बस. मग आधण ठेवायचं, उकळतं पाणी पिठात ओतायचं, हात पोळून घ्यायचे, अन् वरून गिऱ्हाईकाचं ऐकून घ्यायचं, "आज भाकर घरच्यासारखी न्हाई हं." घरच्यासारखी पायजे होती तर घरी बसायचं होतं, असं म्या म्हणते. मनात.

पहिल्या टूरला म्या तवा हातातल्या पिशवीत ठेवला. इमानतळावर पोलीसबाईनं पिशवी उघडली, तवा वर काढला, म्हणली, "इससे क्या करोगी?" आता तव्यानं काय करतात, इमान पळवतात? मागून हबीबचाचा म्हणले, "मॅडम, रोटी पकाती ये. बहुत खतरनाक पकाती." झालं, तवा बाजूला, म्या बाजूला, चाचा बाजूला. तवापासून तवा मोठ्या सामानात जातो, अन् चाचा इमानतळावर तोंड उघडत न्हाईत.

तर तीन समुद्र. ते हायत नील नावाच्या बेटावर. बेट एवढं बारकं की रिक्षात बसून तोंडात पान घालावं, अन् पान रंगायच्या आत बेट संपावं. गावांची नावं ऐकून तर म्या घाबरलेच, म्हणले एवढी बोट, एवढी उलटी, अन् आणून सोडलं कुठं, तर निलंग्याच्या पलीकडं? सीतापूर, लक्ष्मणपूर, भरतपूर. सीतापूर उगवतीला, लक्ष्मणपूर मावळतीला, भरतपूर उत्तरेला. सगळं रामायण, फकस्त वनवास माझा.

ज्या टूरची गोष्ट सांगायले, त्या टूरला दोन मोठी माणसं होती. एक नांदेडचे गुत्तेदारसाहेब. रस्त्याची कामं घ्यायचे. आता रिटायर हायत, रस्ते त्यांच्या आधीच झाले. दुसरे लातूरचे गुरुजी, हेडमास्तर होते. हे अजून रिटायर झालेत असं त्यांना कुणी सांगितलेलं न्हाई. बाकीची सगळी ह्या दोघांच्या मागं, नांदेडचे एकीकडं, लातूरचे एकीकडं. बसमधी खिडकी, बोटीत बाक, हाटेलात वरचा मजला, सगळीकडं जिल्हा आडवा.

सीतापूरला आम्ही सूर्य उगवायला गेलाव. तिथं सूर्य लई लवकर उगवतो, आपल्याकडं कोंबडं कूस बदलत असतंय त्या टायमाला. गुरुजी हात वर करून म्हणले, "हा खरा समुद्र! बघा लाटा! बघा तेज!" लातूरचे सगळे म्हणले, "वा, वा." झालं, सीतापूर लातूरचं. संध्याकाळी लक्ष्मणपूरला सूर्य बुडवायला गेलाव. गुत्तेदारसाहेब वाळूत बसून म्हणले, "समुद्र असावा तर असा. गप. न्हाई तर सकाळचा, नुसता आरडाओरडा, हेडमास्तरासारखा." लक्ष्मणपूर नांदेडचं. मग रात्रीच्या जेवणाला समुद्र बाजूला राहिले अन् गंगा निघाली. नांदेडवाले गोदावरीला गंगा म्हणतात, तुम्हाला ठाऊकच हाय.

गुत्तेदारसाहेब म्हणले, "गुरुजी, तुम्ही पाण्यावर बोलूच नका. तुमच्या लातूरला पाणी रेल्वेनं आलं तर लोक हार घेऊन स्टेशनवर."

गुरुजी म्हणले, "आलं तरी प्यालो. तुमच्या गंगेचं प्यायची छाती हाय का?"

माझं मत कुणी इचारलं न्हाई, पण म्या सांगते. सीतापूरला लाटा खडकावर अशा आपटतात जशी आत्या माझ्या माहेरचं कुणी आल्यावर भांडी आपटती. वारा समोरून, शेगडी पेटती अन् इझती, पेटती अन् इझती, पीठ परातीतून उडून डोळ्यात. लक्ष्मणपूरला वारा न्हाई, पण वाळू रव्यासारखी बारीक, कणकीत कधी गेली कळत न्हाई, दाताखाली आली की कळती. अन् दिवस बुडाला की बारीक किडे निघतात, दिसत न्हाईत, पण हातात पीठ असलं की बरोबर तिथंच चावतात जिथं खाजवता येत न्हाई. राहिलं भरतपूर. तिथं झाडं हायत, सावली हाय, वारा अडतो, चहाची टपरी हाय. शेगडी पहिल्या काडीला पेटती. म्या मनात म्हणले, हा माझा समुद्र. अन् सगळ्यात भारी म्हणजे, दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिथं पोचलाव तर समुद्र नव्हताच.

खरंच नव्हता. काठापासून लांबपर्यंत नुसती वाळू, गोटे, शेवाळ, अन् मधी मधी डबकी. पाणी पार तिकडं लांब, निळ्या रेघेसारखं.

गुत्तेदारसाहेब कमरेवर हात ठेवून म्हणले, "घ्या. लातूरवाले आले अन् समुद्र आटला."

सगळे हसले, लातूरचे बी हसले. अन् कुणालाच त्यात काय वावगं वाटलं न्हाई, हीच तर गंमत हाय. आपल्याला आटलेलं पाणी काय नवीन? धरण आटलं की आपण त्याच्यात उतरतो, खरबुजं लावतो, बुडालेलं देऊळ उघडं पडलं म्हणून बघायला जातो, तिथंच डबे सोडतो. आटलेल्या पाण्याला कोण भितंय? म्या बी भ्याले न्हाई. खोटं कशाला सांगू, आल्यापासून पहिल्यांदा म्या मान वर करून समुद्राकडं बघितलं.

बुडाला काच लावून मासे दावायची बोट असती, तसल्या काचेच्या बोटीवाला एक माणूस तिथं झाडाखाली बसला होता, तो म्हणला, "जादा दूर मत जाना, पानी वापस आएगा."

गुरुजी त्याला म्हणले, "अरे बाबा, आमच्या मांजरा धरणाचं पाणी एकदा गेलं की तीन-तीन पावसाळे तोंड दाखवत नाही. अन् ह्याचं सकाळी गेलेलं दुपारी येणार?" तो माणूस बघतच राहिला. मराठीत होतं ना सगळं.

आता काकू, म्हणजे गुरुजींची बायको. चांगली बाई, जीव लावणारी. तिनं लातूराहून समुद्राची ओटी आणली होती, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सगळं.

गुत्तेदारसाहेब म्हणले, "वहिनी, समुद्र बाप्या माणूस हाय. त्याची ओटी कशी भरता?"

काकू म्हणली, "त्याच्या घरात बाई असंलच की. तो देईल तिला."

पण ओटी काय चिखलात भरतात? वाहत्या पाण्यात भरतात. म्हणून सगळे निघाले आत, पाण्याच्या रेघेकडं. तिथं वाळूचा एक उंचवटा होता, कोरडा, ओट्यासारखा. पलीकडं पाणी. ओटी भरली, हात जोडले, फोटो झाले. अन् तिथून गुत्तेदारसाहेबांचा भाऊला फोन, "बालाजी, पंगत इथंच पाठव. समुद्राच्या मधी बसून जेवलाव असं नांदेडला सांगू."

लगेच गुरुजींचा आवाज मागून, "लातूरला बी."

भाऊ माझ्याकडं बघायला लागले. म्या म्हणले, "भाऊ, म्या न्हाई जाणार आत. भ्याव वाटतंय."

"अगं पाणीच न्हाई तर भ्याव कशाचं?"

"जिथं असतंय तिथं तर जायचंय न्हवं?"

"मंगल, तक्रार येईल."

चाचाचे गुडघे गेलेले, ते गोट्यावरून चालू शकत नव्हते, ते देगीपाशी काठावर राहिले. भाऊनं भाजीची बादली घेतली. म्या भाकरीची दुरडी डोक्यावर घेतली, आरोहीला काखेत, अन् निघाले. गोट्याला चप्पल अडकायली, आरोही म्हणायली, "आई, मासा, आई, खेकडा," अन् म्या म्हणायले, "गप, गप, गप."

उंचवट्यावर दोन चादरी टाकल्या, दोन रांगा समोरासमोर. एक लातूरची, एक नांदेडची. आरोहीला चादरीच्या टोकाला बसवलं, हातात भाकरीचा तुकडा दिला, अन् वाढायला लागले. म्या वाढते तवर कुणाकडं बघत न्हाई, फकस्त कुणाच्या पत्रावळीत भाकर संपली ते बघते. दुसरा वाढा चालू होता अन् आरोही रडवेली झाली, "आई, ओलं झालं." बघते तर चड्डी ओली, फ्रॉक ओला, चादरीचं टोक ओलं. सगळी जेवायली अन् ह्या पोरीनं पंगतीत हे करून ठेवलं! माझ्या डोळ्यापुढं तक्रारच आली. म्या दिली एक पाठीत.

"म्या न्हाई केली," आरोही म्हणली.

"मग कुणी केली, समुद्रानं?"

तेवढ्यात काठावरून चाचाचा आवाज आला, बारीक, गमछा हलवायले होते, "मंगल बेटी! पीछे देख, पीछे!"

म्या मागं बघितलं. आम्ही ज्या गोट्यावरून चालत आलाव ते गोटे नव्हते. आम्हा सगळ्यांचं ध्यान पुढच्या पाण्याकडं, अन् ते गुपचूप बाजूनं, मागून येऊन बसलेलं. आमच्या अन् काठाच्या मधी पाणी. चमकायलं. आवाज न्हाई काय न्हाई, कढईत तेल पसरावं तसं.

म्या गुरुजींना म्हणले, "गुर्जी, पाणी यायलंय."

"येऊ दे की. ओटी पावली म्हणायची."

"मागून यायलंय, गुर्जी. उठा."

आता ऐका. आपल्याकडं पंगतीतून मधीच उठत न्हाईत. शेवटच्या माणसाचा शेवटचा घास होईपर्यंत सगळ्यांनी बसायचं, उठायचं ते संगंच. घरी, लग्नात, तेराव्याला, सगळीकडं हेच. चांगलीच रीत हाय. पण ती रीत करणाऱ्यानं पंगत समुद्रात बसल अशी कल्पना केलेली न्हाई.

गुत्तेदारसाहेबांनी मागं बघितलं, समजले, पण बसूनच म्हणले, "लातूरवाले उठले की उठतो."

गुरुजी म्हणले, "नांदेडचं जेवण चालू हाय तवर लातूर उठणार न्हाई. अन्नाचा अपमान हाय."

"मग बसा."

"बसलोच हाय."

अन् बसले! पाणी चादरीखाली आलं, लोकांनी पत्रावळ्या उचलून मांडीवर घेतल्या अन् ठेचा मागितला. काकू तेवढी म्हणायली, "अवं, उठा की हो," पण तिचं घरी कुणी ऐकत न्हाई, तिथं कोण ऐकतंय? भाऊ मधी उभे, हातात बादली, एकदा ह्या रांगेकडं बघतात, एकदा त्या. कुणाला उठवलं तर त्याची तक्रार.

मला शूर व्हायचं नव्हतं. मला फकस्त आरोहीला घेऊन पळायचं होतं. म्या तिला काखेत मारली. मग काय झालं मला कळलं न्हाई, सवयीनं म्हणा, दुसऱ्या हातानं दुरडी उचलून डोक्यावर घेतली. वाढणारी बाई दुरडी टाकून जात न्हाई ना. अन् निघाले काठाकडं.

मागून आवाज, "ए बाई! भाकर कुठं नेतीस?"

म्या वरडले, "पुढली भाकर काठावर!"

"मंगल!" भाऊ वरडले. "तक्रार येईल!"

"येऊ द्या!"

हे म्याच म्हणले का, मला अजून इश्वास बसत न्हाई. पाणी घोट्याला, मग पोटरीला, मग गुडघ्याच्या वर. पायाखाली काय हाय दिसत न्हाई, गोटा हाय की खड्डा, लुगडं जड झालं, पायात गुंतायलं, अन् म्या तोंडानं देवाचं नाव घ्यायचं सोडून "आत्या, आत्या" म्हणायले, का ते ठाऊक न्हाई, भ्याव म्हणलं की तीच आठवती. आरोही काखेत हसायली, पाय पाण्यात मारायली. एकदा पाय घसरला, दुरडी कलली, दोन भाकरी पाण्यात गेल्या. त्या तरंगल्या बी न्हाईत. माझ्या भाकरी वजनदार असतात.

अन् मागं पंगत उठली. पाण्यासाठी न्हाई उठली. भाकर चालली म्हणून उठली. दोन्ही रांगा एकदमच उठल्या, म्हणजे कुणी आधी उठलं असं बी झालं न्हाई. चादरी तिथंच, चपला तिथंच, पत्रावळ्या होड्यासारख्या निघाल्या. मधी पाणी कमरेला लागलं. काकू पडली, तिला एका बाजूनं भाऊनं धरलं, दुसऱ्या बाजूनं गुत्तेदारसाहेबांनी, अन् गुरुजी थरथरायले तर साहेबांनी दुसरा हात त्यांना दिला. लातूरचा हात नांदेडच्या हातात, सगळ्यांची साखळी. काचेच्या बोटीवाला पाण्यात उतरून पुढं आला, त्यानं एकेकाला ओढून घेतलं. तो काय बोलला ते म्या सांगत न्हाई, हिंदीत होतं पण सगळ्यांना समजलं.

काठावर येऊन म्या आरोहीला खाली ठेवलं अन् मागं बघितलं. उंचवटा नव्हता. तिथं नुसता समुद्र, असा निळा, असा गोड, जसा क्यालेंडरवर असतो.

पाय गोट्यांनी सोललेले, कपडे चिकटलेले. चाचा सगळ्यांच्या अंगावर टॉवेल टाकत फिरायले. मग गुत्तेदारसाहेब झाडाखाली बसले, श्वास घेतला, अन् म्हणले, "वाढ की मग."

म्या वाढलं.

तुम्हाला वाटल, आता लोकांनी माझे आभार मानले असतील. मानले की. संध्याकाळी हाटेलाच्या वऱ्हांड्यात भाऊ माझ्याकडं आले. दोरीवर त्यांची प्यांट वाळत होती ती काढून पिळायले.

"तक्रार आलीय," ते म्हणले. "भाकरीवाली पंगत सोडून गेली. गुरुजींची अन् साहेबांची, एकमतानं. लातूर-नांदेडचं एकमत म्या जन्मात पहिल्यांदा बघितलं."

म्या म्हणले, "हाव."

"लेकरू पाण्यात दिसलं न्हाई पायजे म्हणलो होतो."

"हाव."

म्या मनात चाकूरची बस बघायले. आत्याचं दार बघायले. म्हणले, "मग दुसरी बाई बघता का भाऊ?"

भाऊनं प्यांट झटकली, परत दोरीवर टाकली. "दुसरी बाई वाढत बसली असती," ते म्हणले, अन् गेले.

त्याच्यावर म्या अजून दोन टूर केल्या. आता भाऊ बसमधीच सगळ्यांना सांगतात, भरतपूरला पंगत झाडाखाली, अन् कुठं बी जेवायला बसा, भाकर उठली की पंगत उठली. लोक हसतात, त्यांना वाटतंय गंमत हाय. गुरुजी अन् गुत्तेदारसाहेब आता फोनवर दर आठवड्याला भांडतात म्हणे, काकू सांगत होती. काकूनं मला एक खण पाठवला, ओटीतला न्हाई, तो समुद्राच्या घरी पोचला.

तर कोणता समुद्र चांगला? म्या सगळ्या बायांना भरतपूर सांगते. सावली हाय, शेगडी पेटती. बाकी पाण्याकडं म्या अजून बी काठावर पाठ करून बसत न्हाई. तोंड तिकडंच ठेवून थापते. त्याच्यानं धूर डोळ्यात जातो, जाऊ दे.

अन् आरोही. तिला वाटतंय समुद्र म्हणजे कुणीतरी येऊन आपल्याला ओलं करून जाणारा. लातूरच्या खोलीत कधी कधी म्या सकाळी उठते तर अंथरूण ओलं, अन् ही आधीच बसून, माझ्या हाताकडं बघत. "आई, म्या न्हाई," म्हणती. "समुद्र आला होता."

लातूरला. तिसऱ्या मजल्यावर. जिथं नळाला पाणी आठ-आठ दिवस येत न्हाई.

म्या आधी मागं वळून दाराकडं बघते, मग चादर काढते. एकदा तिला मारलं होतं, अन् ती खरं सांगत होती.